लिस्बनचे लग्न आणि सोमनाथाची शिळा

लग्नाच्या निमंत्रणास नकार द्यावयाचा तर कारण सबळ असावे लागते. आणि निमंत्रण परदेशचे असले की कारणे आपोआप सबळ होतात. न्यायालयाच्या तारखा आहेत, खर्च फार आहे, वृद्ध मातोश्रींस सोडून जाणे बरे नव्हे, अशी तीन कारणे आमच्यापाशी तयार होती. परंतु निमंत्रण देणारा स्नेही असा होता की त्याच्यापुढे यांपैकी एकही टिकले नाही. "मुहूर्त तुझ्या कोर्टाच्या मे महिन्याच्या सुटीत धरला आहे. आता कोणती सबब सांगणार?" असे त्याने दूरध्वनीवरून विचारले, आणि आमचा दावा तेथेच निकालात निघाला.

हे आमचे स्नेही मूळचे दीवचे. पणजीस कायद्याचा अभ्यास करीत असता आम्ही एका बाकावर बसलो आणि एका खाणावळीत जेवलो. ते गुजराती बोलत आले आणि कोंकणी-मराठी बोलत परत गेले. पुढे काकांच्या बोलावण्यावरून ते लिस्बनला गेले, तेथेच स्थिरावले आणि पंचेचाळिशी जवळ येता येता बोहल्यावर चढावयास सिद्ध झाले. उशिरा होणाऱ्या लग्नास मित्रांनी अवश्य जावे; कारण लवकर झालेल्या लग्नाला नातलगांची गर्दी असते, उशिरा होणाऱ्या लग्नाला साक्षीदारांची गरज असते.

गोव्याच्या माणसाने लिस्बन पाहणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्या राजधानीतून साडेचारशे वर्षे आमच्या पूर्वजांवर हुकूम सुटत होते, तिच्या रस्त्यांवरून प्रवासी म्हणून हिंडताना मन एका जागी राहत नाही. अक्षरे ओळखीची, आडनावे ओळखीची, पावाची चवही ओळखीची. आणि तरी आपण येथले कोणी नव्हे, ही जाणीव पावलोपावली. लग्नास दोन दिवस होते. म्हणून आम्ही प्रथम तेजो नदीच्या काठी बेलें येथे गेलो.

बेलेंचा जेरोनिमुस मठ सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधावयास घेतला गेला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला आणि त्यामागून जो मिऱ्यांचा व मसाल्यांचा व्यापार सुरू झाला, त्यावरील करातून या बांधकामास पैसा पुरविला गेला. दगडात दोरखंडे, शिंपले, वेली कोरलेल्या आहेत. चर्चमध्ये शिरताच गामा आणि कवी कामोंइश यांची स्मारके समोरासमोर दिसतात. परंतु आमचे पाय खिळले ते मुख्य वेदीजवळ. तेथे राजा मानुएल आणि त्याचा पुत्र तिसरा जुआंव यांच्या शवपेट्या आहेत, आणि त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. १५४० साली तिसवाडीतील देवालये पाडली गेली ती याच जुआंव राजाच्या अमदानीत. ज्याच्या राज्यात आमच्या गणेशाला तिसवाडीत ठाव उरला नाही, त्याचा देह मात्र गजराजांनीच उचलून धरलेला आहे. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे म्हणतात. ती असली तर ती अशी मुकाट असते.

या राजाशी दुसरीही एक गोष्ट निगडित आहे. मुंबईजवळच्या घारापुरीची लेणी पोर्तुगिजांच्या ताब्यात आली तेव्हा तेथे दगडी हत्ती होता. त्यावरून त्यांनी बेटाचे नाव एलेफांता ठेवले. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. पुढे तो सांधून मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात, उभा करण्यात आला. गोव्याच्या दफ्तरखान्याचा पहिला रक्षक आणि इतिहासकार दियोगु द कोउतु याने आपल्या 'दशकां'त लिहून ठेवले आहे की, या लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेख होता; पोर्तुगिजांनी ती शिळा काढून राजा जुआंवकडे पाठविली; राजाने तो लेख वाचू शकेल असा माणूस पुष्कळ शोधला, पण कोणी सापडला नाही. पुढे ती शिळाच नाहीशी झाली. त्या एका शिळेबरोबर घारापुरीचे लेणे कोणी व केव्हा खोदविले याचा कदाचित एकमेव लेखी पुरावा गेला. आज विद्वान त्या लेण्याचा काळ मूर्तींच्या घडणीवरून आणि सापडलेल्या नाण्यांवरून अजमावतात. त्यांच्या पुढ्यातील कागद हरवलेला आहे, आणि तो कोणाच्या हातून हरवला हे मात्र लिहिलेले आहे.

त्या संगमरवरी हत्तींपुढे उभे असता आमच्या मनात दुसऱ्या एका शिळेची आठवण जागी झाली. ती हरवलेली नव्हती. तिचा शोध घेणे लग्नानंतरच्या दिवसावर ठेवून आम्ही परतलो.

लग्न लुमियार या उपनगरातील राधाकृष्ण मंदिरात झाले. ज्या हमरस्त्यावर हे मंदिर आहे त्याला महात्मा गांधींचे नाव दिलेले आहे. मंदिर कसे उभे राहिले ती हकीकत लग्नाला जमलेल्या प्रत्येक कुटुंबाची हकीकत आहे. दीवमधील माणसे पिढ्यान् पिढ्या मोझांबिकला जात आली. कोणी दुकानदारीस, कोणी गवंडीकामास, कोणी शिवणकामास. १९६१ च्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव मुक्त झाले तेव्हा मोझांबिकमधील भारतीय नागरिकांस तेथील पोर्तुगीज सरकारने छावण्यांत कोंडले आणि पुढे देशाबाहेर घालविले. ज्यांच्यापाशी पोर्तुगीज नागरिकत्व होते ते मागे राहिले. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाले आणि त्यानंतरच्या अस्थिर वर्षांत त्यांतील पुष्कळांनी लिस्बनची वाट धरली. येथे आल्यावर आधी भाड्याची घरे, मग मुलांच्या शाळा, मग देव, असा क्रम लागला, आणि शेवटी हे मंदिर झाले. ज्या राज्यकर्त्यांनी एके काळी आपल्या मुलखात देवळांना बंदी केली, त्यांच्या राजधानीत आज काकडआरती होते. हे सांगताना आमच्या स्नेह्यांच्या काकांच्या बोलण्यात विजयाचा सूर नव्हता. "आम्ही जेथे गेलो तेथे देव आमच्याबरोबर आला, एवढेच," असे ते म्हणाले. गोव्यातील आमच्या वाचकांस हे वाक्य निराळे समजावून सांगावयास नको. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, ती अशीच. भक्त पुढे आणि देव त्यांच्या खांद्यावर.

आमच्यातील वकिलास या लग्नात आणखीही एक कौतुक दिसले. स्नेह्यांची सही निबंधकापुढे आधीच झाली होती आणि मंदिरात विधी झाला तो त्यानंतर. गोव्यात आम्ही सर्व जण हेच करतो. 'सही झाली, आता लग्न' असे म्हणतो. ही रीत पोर्तुगिजांकडून आली. १९१० च्या डिसेंबरात तेथील नव्या प्रजासत्ताकाने विवाह हा दिवाणी करार ठरविला, आणि तो कायदा पुढे गोव्यासही लागू झाला. परंतु ज्या १८६७ च्या दिवाणी संहितेवर आमचा कुटुंबकायदा उभा आहे, ती पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता करून बाजूस सारली. नवी संहिता १९६७ च्या जूनपासून चालू झाली. म्हणजे मूळ घरातून जे भांडे केव्हाच मोडीत निघाले, ते आम्ही अजून घासून-पुसून वापरतो आहो. १९६२ च्या संसदीय कायद्याने ते जुने कायदे चालू ठेवले, आणि आता ते परकीय नसून भारतीयच कायदे होत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. २०१२ च्या गोव्याच्या अधिनियमाने त्यांतील वारसाहक्काचा भाग नव्याने बांधला. परक्याची वस्तू केव्हा आपली होते, या प्रश्नाचे एक उत्तर हे असे आहे: ती आपण वापरात ठेवली, तिच्यात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार केले आणि तिची जबाबदारी घेतली, म्हणजे ती आपली होते. पुढे सिंत्र्याच्या वाटेवर हेच उत्तर आम्हांस पुन्हा आठवले, आणि तेव्हा त्याचा रोख आमच्याकडे वळला.

संकल्पाच्या वेळी पुरोहितांनी विक्रम संवताचा उच्चार केला. आम्ही शालिवाहन शकाची माणसे. पण त्या परक्या आकाशाखाली तो आकडा ऐकताना बरे वाटले. काळाची नोंद ठेवण्याची आपली रीत माणसाबरोबर सात समुद्र ओलांडते, हे खरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने सिंत्र्यास गेलो. लिस्बनपासून हे गाव जेमतेम पाऊण तासाच्या वाटेवर आहे. डोंगर, धुके, दाट झाडी. आमच्या आंबोलीची आठवण व्हावी असे हवामान. माथ्यावर मुसलमानी राजवटीतील किल्ल्याचा तट, त्याच्या शेजारच्या शिखरावर एकोणिसाव्या शतकातील पेना राजवाडा, गावात दोन प्रचंड धुराड्यांचा जुना राजवाडा. १९९५ पासून हा सर्व परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रवाशांची रीघ या राजवाड्यांकडे चालली होती. आम्ही गावातून पश्चिमेच्या रस्त्याने, मोन्सेर्रातच्या दिशेने, पायी निघालो. त्या वाटेवर पेन्य व्हेर्दे, म्हणजे 'हिरवा कडा', नावाची वाडी आहे. ती दों जुआंव द काश्त्रु याची.

या पुरुषाचे चरित्र एका रंगाने रंगविता येत नाही. १५३८-३९ साली गोव्याहून दीवपर्यंत समुद्रप्रवास करून त्याने किनाऱ्याचे जे वर्णन लिहिले, त्यात खाड्यांची खोली आणि होकायंत्राची निरीक्षणे आहेत. तशीच घारापुरी व कान्हेरी येथील लेण्यांची मनापासून केलेली वाखाणणीही आहे. हाच मनुष्य १५४५ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर होऊन आला. १५४६ साली गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याने दीवला वेढा घातला. त्यात काश्त्रुचा पुत्र फेर्नांदु पडला. नोव्हेंबरात काश्त्रुने स्वतः जाऊन वेढा मोडला आणि त्यानंतर गुजरातच्या किनाऱ्यावरील गावांवर जाळपोळीच्या मोहिमा काढल्या. पडलेला कोट बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठविले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत केले, अशी कथा पोर्तुगालातील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. तारणाच्या कायद्यात इतके हलके आणि इतके जड तारण दुसरे नसेल. १५४८ च्या जूनमध्ये तो गोव्यातच वारला. पेन्य व्हेर्देच्या वाडीवर त्याचे फार प्रेम होते. तेथली फळझाडे काढून त्याने केवळ शोभेची झाडे लावली, म्हणजे जमिनीपासून काही मिळकत नको, असे सांगतात. त्याच्या पुत्राने, आल्वारु द काश्त्रु याने, १५६० साली त्याच डोंगरात कापुशु साधूंचा एक लहानसा मठ बांधला, तोही आम्ही पाहिला. कोठड्यांची दारे इतकी ठेंगणी आहेत की वाकल्यावाचून आत शिरता येत नाही.

याच पेन्य व्हेर्देच्या वाडीत हिंदुस्थानातून आणलेली एक संस्कृत शिळा होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स मर्फी नावाचा आयरिश वास्तुशिल्पकार पोर्तुगालात हिंडत असता त्याने तिचा नकाशा काढला, आणि १७९५ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात तो दिला. भगवद्गीता प्रथम इंग्रजीत आणणाऱ्या चार्ल्स विल्किन्सने तो लेख वाचून पाहिला. एवढा काळ काही लोक हिलाच घारापुरीची हरवलेली शिळा समजत होते. १९०६ साली गोव्यात जुआंव एर्कुलानु द मोउरा यांनी या लेखांवर पोर्तुगीजमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच सोमनाथ पाटण आणि घारापुरी ही दोन्ही स्थळे आहेत. त्याआधी १८९२ साली 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात जर्मन पंडित ब्यूलर यांनी संपूर्ण लेख छापला आणि संशयाला जागा ठेवली नाही. शिळा घारापुरीची नव्हे. ती सौराष्ट्रातील देवपट्टणाची, म्हणजे प्रभास पाटणची. विद्वान तिला 'सिंत्रा प्रशस्ति' म्हणतात. देवपट्टणच्या लेखाने जगभर सिंत्र्याचे नाव मिरवावे, हेही त्या शिळेच्या नशिबी होते.

लेख विक्रम संवत् १३४३ चा, माघ शुद्ध पंचमीचा, म्हणजे इसवी सन १२८७ चा आहे. गुजरातच्या वाघेला वंशातील सारंगदेव तेव्हा राज्य करीत होता. परंतु प्रशस्तीचा खरा नायक राजा नाही. तो आहे त्रिपुरांतक नावाचा पाशुपत आचार्य. लाट देशात, कारोहण येथे, भगवान शंकरांनी लकुलीश रूपाने अवतार घेतला, त्यांचे चार शिष्य झाले आणि त्यांतील गार्ग्याच्या परंपरेत हा त्रिपुरांतक आला, असे लेख सांगतो. कारोहण म्हणजे बडोद्याजवळचे आजचे कारवण. आमच्या बडोद्याच्या वाचकांपैकी कित्येकांनी ते पाहिलेही असेल. हा आचार्य तीर्थयात्रेस निघाला. हिमालयात केदार, मग प्रयाग, मग श्रीपर्वत, नर्मदा, गोदावरीकाठचे त्र्यंबक, सेतुबंध रामेश्वर, आणि शेवटी समुद्रकाठी प्रभास. नकाशावर हे ठिपके जोडून पाहावेत, म्हणजे तेराव्या शतकातील एका पायी हिंडणाऱ्या साधूच्या मनात हिंदुस्थानचे चित्र किती स्पष्ट होते ते कळेल. त्या देशात एक राजा नव्हता, एक भाषा नव्हती, एक नाणे नव्हते. एक वाट मात्र होती.

प्रभासास सोमनाथाच्या क्षेत्राचे अधिपती गंड बृहस्पती यांनी त्याचा गौरव केला आणि क्षेत्राच्या कारभाऱ्यांत त्याला स्थान दिले. त्रिपुरांतकाने तेथे पाच देवालये बांधली. त्यांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. एक मल्हणेश्वर, आपली माता मल्हणा हिच्या नावाचे. एक गंड बृहस्पतींच्या नावाचे, एक त्यांची पत्नी उमा हिच्या नावाचे, एक आपल्या स्वतःच्या नावाचे आणि एक आपली पत्नी रमा हिच्या नावाचे. पाचांपैकी तीन स्त्रियांच्या स्मरणार्थ. त्यानंतर लेख देवालयांच्या व्यवस्थेकडे वळतो, आणि येथे आमच्या देवस्थानांच्या महाजनांनी कान द्यावा. नित्यपूजेचे साहित्य कोणी पुरवावयाचे, माळ्यांच्या श्रेणीने रोज किती फुले द्यावयाची, नैवेद्याची आणि विड्याची सोय काय, उत्सवास बाजारातील दुकानांनी किती वर्गणी द्यावयाची, हे सर्व तेथे दगडावर कोरलेले आहे. १९३३ चा देवस्थानांचा पोर्तुगीज नियम हाताळण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. वर्गणी, सेवेकरी, पाळी, फुले, समई, यांवरूनच आमच्याकडील दावे लढले जातात. तो नियम होण्याच्या साडेसहाशे वर्षे आधी एका साधूने समुद्राकाठी बसून हाच विषय इतक्या नीटसपणे मांडला होता. हे वाचताना आम्हांस प्रशस्ती वाचल्यासारखे वाटले नाही. आपल्याच देवस्थानाच्या सभेचा ठराव वाचल्यासारखे वाटले.

हा लेख कोरल्यानंतर बाराच वर्षांनी, १२९९ साली, अल्लाउद्दीन खिलजीच्या सैन्याने सोमनाथ लुटला. पुढेही त्या क्षेत्राने पुष्कळ सोसले. पुनर्निर्मित मंदिरात १९५१ च्या मे महिन्यात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. आणि मधल्या काळात केव्हातरी ही एक शिळा जहाजातून पश्चिमेस गेली, आणि एका सेनापतीच्या वाडीतील शोभेच्या झाडांमध्ये जाऊन बसली. ज्याला जमिनीपासून मिळकत नको होती, त्याच्या बागेला एक मिळकत अशी लाभली.

वाडीच्या दाराशी आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. उंच दगडी भिंत, तिच्यावर शेवाळ, बंद फाटक. वाडी खाजगी मालकीची आहे. तेथे प्रवाशांस प्रवेश नाही. आम्ही आधी पत्र पाठविले नव्हते, ही चूक आमचीच. लग्नाच्या गडबडीत परवानगीची गोष्ट राहून गेली, आणि वकिलाने ती राहू द्यावी याची आम्हांस लाज वाटली. अर्धा तास आम्ही भिंतीबाहेर उभे होतो. आत झाडांवर पाखरे बोलत होती. आठ हजार किलोमीटर येऊन आम्ही जे पाहिले ते एवढेच: एक भिंत. परंतु भिंतीनेही माणसास विचार करावयास लावता येते.

पहिला विचार अर्थातच मागणीचा आला. ही शिळा परत का मागू नये? कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्कोचा करार मागील काळास लागू होत नाही, आणि येथे तर सोळाव्या शतकाची गोष्ट. परंतु दार अगदीच बंद आहे असेही नाही. तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ साली जमिनीतून नटराजाची मूर्ती निघाली, चोरट्या मार्गाने लंडनला गेली आणि एका परदेशी कंपनीने विकत घेतली. लंडनच्या न्यायालयात दावा उभा राहिला, आणि वादींत ते भग्न देवालय स्वतःच होते. १९९१ साली तेथील अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि मूर्ती परत आली. पडक्या देवळाला परक्या देशाच्या न्यायासनापुढे बोलता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मात्र ती चोरी आमच्या डोळ्यांदेखतची होती. चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या स्थलांतरास तो न्याय जसाच्या तसा लावता येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरा विचार यापेक्षा अडचणीचा होता. आम्ही आज त्रिपुरांतकाविषयी एवढे बोलू शकलो ते कशामुळे? मर्फीने नकाशा काढला, विल्किन्सने वाचला, ब्यूलरने छापला म्हणून. असाच प्रकार आमच्या भाषांचा. केळशी गावच्या कृष्णदास शामाने १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचावयास घेतली. एकोणीस अध्याय, तीन हजारांवर ओव्या. पुढे चाळीस वर्षांत केळशीची देवी कवळ्यास गेली, आणि केळशीच्या कवीचा ग्रंथ गोव्यात कोठेही उरला नाही. तो सापडला उत्तर पोर्तुगालातील ब्राग येथील सार्वजनिक ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरविलेला. तेथील ७७१ ते ७७३ क्रमांकांच्या हस्तलिखितांत कोंकणी गद्यातील रामायण-महाभारताच्या कथा आहेत आणि मराठी काव्यही आहे. जेझुइट पाद्र्यांनी हे ग्रंथ उतरविले ते आमच्या धर्माचे खंडन नीट करता यावे आणि आमची भाषा नीट शिकता यावी म्हणून. हेतू काहीही असो. कोंकणी गद्याचा सर्वांत जुना ठेवा आज आहे तो त्या खंडनासाठी केलेल्या नकलांमुळे आहे. ज्यांनी ग्रंथ जप्त केले त्यांनी निदान ते वाचण्याजोगे मानले. ही गोष्ट त्यांस निर्दोष ठरवीत नाही. ती आम्हांस प्रश्न विचारते.

प्रश्न असा की, जे आमच्या ताब्यात राहिले त्याचे आम्ही काय केले? एका देवस्थानाच्या दाव्यात आम्हांस जुना कागद हवा होता. महाजनांच्या दफ्तराची पेटी उघडली तर आत वाळवीची माती. मोडी आणि पोर्तुगीज लिपीतील तोंब, कुळांच्या याद्या, उत्सवाच्या पाळ्या, सर्व एकजीव. दुसऱ्या एका ठिकाणी जीर्णोद्धारात सभामंडपाच्या दगडावर तकतकीत लादी बसविली. त्या दगडावर अक्षरे होती हे आम्हांस लादी बसल्यावर एका म्हाताऱ्या पुजाऱ्याने सांगितले. लाकडी कोरीव खांब सरणाच्या भावाने विकले गेल्याचेही आम्ही पाहिले आहे. येथे कोणी सेनापती आला नव्हता, कोणाचे जहाज बंदरात उभे नव्हते. ठराव आमच्याच सभेत, आमच्याच सह्यांनी, एकमताने झाले होते. सिंत्र्याच्या भिंतीआड असलेली शिळा वाचली गेली. आमच्या लादीखालची शिळा वाचलीच गेली नाही. मग यांतील कोणती शिळा अधिक दूर आहे?

वापरात ठेवले, जबाबदारी घेतली, तर परक्याचेही आपले होते, असे आम्ही वर कायद्याविषयी म्हटले. त्याची दुसरी बाजूही खरी आहे. वापर सोडला, जबाबदारी टाकली, तर आपलेही परके होते.

संध्याकाळी लिस्बनला परतलो तेव्हा स्नेह्यांच्या घरी पाहुण्यांची पांगापांग चालली होती. त्यांच्या मातोश्री, ज्यांना आम्ही विद्यार्थिदशेपासून 'बा' म्हणतो, लग्नासाठी दीवहून आल्या होत्या. त्यांचे माहेर प्रभास पाटणचे. दीवपासून ते सुमारे ऐंशी किलोमीटर. आम्ही दिवसभर कोठे होतो ते त्यांनी विचारले, आणि आम्ही शिळेची हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेथे तिच्यावर कोणी पाणी घालते का?"

आम्ही म्हटले, "बा, ते लिंग नव्हे, नुसता लेख आहे. अक्षरांचा दगड."

"पण त्यात देवाचे नाव आहे ना?"

"आहे."

"आणि त्या साधूच्या आईचेही?"

"तिचेही आहे. मल्हणा."

"मग पाऊस तरी पडत असेल," असे म्हणून त्यांनी हात जोडले, आणि सिंत्रा कोणत्या दिशेस आहे ते मुलाला विचारून त्या दिशेस नमस्कार केला.

एवढ्या विद्वत्तेनंतर आम्हांस न सुचलेली गोष्ट त्या माउलीने केली. आम्ही शिळेचा हक्क शोधीत होतो. तिने शिळेची विचारपूस केली.

गोव्यास परतल्यावर आम्ही दोन पत्रे लिहिली. एक पेन्य व्हेर्देच्या मालकांस, पुढील खेपेस शिळेच्या दर्शनाची आणि तिचा ठसा घेण्याची परवानगी मागणारे. तो ठसा प्रभास पाटणला ठेवता आला तर बांचे माहेर त्या अक्षरांस पुन्हा भेटेल. दुसरे पत्र आमच्या स्वतःच्या कुलदेवतेच्या देवस्थान समितीस, दफ्तराची उरलेली पेटी कोरड्या जागी हलवावी, कागदांची यादी करावी आणि कोणताही दगड झाकण्यापूर्वी त्याच्यावर काय आहे ते पाहावे, अशी विनंती करणारे. पहिल्या पत्राचे उत्तर अद्याप आले नाही. त्याला समुद्र ओलांडावयाचा आहे. दुसऱ्याचेही आले नाही, आणि त्याला तर केवळ एक गाव ओलांडावयाचे आहे. येत्या महाजनसभेत आम्ही तो विषय स्वतः मांडणार आहो. वाचकांनीही आपापल्या देवस्थानाच्या सभेत तो मांडावा. पेटी उघडावयास कोणाची परवानगी लागत नाही. तिची किल्ली अजून आपल्याच कनवटीला आहे.